पाहुणे म्हणून आले, मालक होऊन बसले

गाजरगवत पाहिले नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. रेल्वेच्या रुळालगत, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, उकिरड्यावर, शेताच्या बांधावर, जिथे म्हणून जागा मोकळी पडते तिथे पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत हे झुडूप डोके वर काढते. पाने गाजराच्या पानांसारखी, म्हणून गाजरगवत. फुले बारीक आणि पांढरी, म्हणून काही भागांत चटकचांदणी. पांढऱ्या टोपीची आठवण होऊन कोणी त्याला काँग्रेस गवत म्हटले आणि तेही नाव चिकटले. नावे अनेक आहेत, पण मुळात हे गवतच नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले झुडूप आहे. आणि ते आपल्या मातीतलेही नव्हे.

पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, हत्ती, हिमालय असे काहीतरी लांबचे येते. पोट भरलेल्यांनी रविवारी बोलायचा विषय, असाही आपल्या वस्तीत समज आहे. तो समज चुकीचा आहे. रोजंदारीने खुरपणीला जाणाऱ्या आपल्या भगिनीच्या हाताला जी खाज सुटते, रेल्वेच्या गँगमनच्या पापण्या ज्यामुळे सुजतात, रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराच्या मानेवरची कातडी ज्यामुळे जाड आणि काळी पडते, ते पर्यावरणच आहे. ते आपल्या घरात शिरलेले आहे. म्हणून त्याची माहिती आपल्याला असली पाहिजे.

ते आले कोठून?

या झाडाचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. त्याचे मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश आणि मध्य व दक्षिण अमेरिका. पुण्यातील या झाडाची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे साऱ्या देशाला त्रास देणाऱ्या या झाडाची गाजलेली पहिली नोंद आपल्या पुण्याची आहे.

जुन्या माणसांना विचाराल तर ते ठामपणे सांगतात, 'अमेरिकेने पी. एल. ४८० चा गहू दिला, त्यात हे बी आले.' रेशनच्या रांगेत उभे राहून लाल गहू आणि मिलो आणलेल्या पिढीला ही गोष्ट पटणारच. परंतु ऐकलेली गोष्ट तारखेवर घासून पाहावी. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा. त्याखाली भारताशी पहिला मोठा करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. राव यांनी झाड पाहिले ते १९५५ मध्ये. म्हणजे झाड आधी आणि करार नंतर. मात्र अमेरिकेचे धान्य त्याआधीही येत होते. १९५१ साली अमेरिकेने भारताला धान्यासाठी कर्ज दिले होते. शिवाय १८१४ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाची जी यादी विल्यम रॉक्सबर्ग यांनी छापली, तिच्यातही या झाडाचे नाव असल्याचे संशोधक दाखवून देतात. तेव्हा धान्यातून बी आले, वाढले, देशभर पसरले हे शक्य आहे. पण सारा दोष एका कराराच्या माथी मारता येत नाही. व्यापार, जहाजे, बागांची हौस, आयात, या सगळ्या वाटांनी जगभर झाडे आणि जीवजंतू फिरत असतात.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात अमेरिकेतून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून १९६० च्या सुमारास ते आले आणि गुरांची कुरणे त्याने गिळली. आफ्रिकेतल्या इथिओपियात ते पसरले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थच 'जमीन सोडल्याची सही' असा होतो. शेत सोडून जावे लागेल अशी पाळी आणणारे झाड! ते नाव देणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

एका झाडाचा हिशोब

मी पेशाने कारकून. आकडे मांडल्याशिवाय मला गोष्ट कळत नाही. म्हणून एका झाडाचा हिशोब मांडतो.

गाजरगवताचे एक चांगले वाढलेले झाड १५ ते २५ हजार बिया देते. आपण २० हजार धरू. त्यातल्या ९९ टक्के बिया वाया गेल्या असे समजू. शंभरातली एकच रुजली. तरी एका झाडाची २०० झाडे झाली. या २०० झाडांनी पुन्हा प्रत्येकी २० हजार बिया दिल्या, तर झाल्या ४० लाख बिया. रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फुले येतात. पाणी असेल तर वर्षात एकाहून अधिक पिढ्या होतात. बँकेत असे व्याज कोणी देत नाही!

बी इतके हलके की वारा उडवून नेतो, पाणी वाहून नेते. ट्रकच्या चाकाच्या चिखलातून, गुरांच्या खुरांतून, शेणखतातून, मुरुमाच्या आणि मातीच्या भरावातून ते गावोगाव जाते. जमिनीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. जबलपूर येथील केंद्र सरकारच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे देशातील सुमारे ३५० लाख हेक्टर जमिनीवर हे झाड पसरले आहे.

एवढे कसे पसरले? पहिले कारण, गुरे ते खात नाहीत. चांगले गवत गुरे खाऊन टाकतात आणि मागे गाजरगवत उरते. जितकी चराई जास्त तितके त्याला रान मोकळे. दुसरे, त्याच्या मुळांतून, पानांतून आणि कुजलेल्या पाचोळ्यातून अशी द्रव्ये जमिनीत उतरतात की शेजारच्या दुसऱ्या रोपांची उगवण आणि वाढ खुंटते. तिसरे, त्याच्या मायदेशात त्याला खाणारे किडे आणि त्याला रोग आणणाऱ्या बुरशा आहेत. ते सगळे शत्रू मागे राहिले आणि हे एकटेच इकडे आले.

कातडीवर उमटलेला जुलूम

या झाडाच्या अंगावर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या झाडाची धूळही हवेत उडते. ज्यांच्या शरीराला ते सोसत नाही त्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत लाली येते, खाज सुटते, पाणी येते आणि पुढे कातडी जाड, भेगाळ होते. परागांमुळे काहींना शिंका, सर्दी आणि दम्याचा त्रास होतो. पुण्यातील डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या त्वचारोगावरील अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला आणि त्यामुळे जगातल्या डॉक्टरांचे लक्ष इकडे वेधले गेले.

हे झाड उच्चनीच पाहत नाही, पण त्याच्याशी गाठ कोणाची पडते? बंगल्यात राहणारा आपल्या आवारातले तण स्वतः उपटत नाही. तो माणूस लावतो. उघड्या हातांनी ते उपटते ती रोजंदारीवरची बाई. नाल्याकाठी झोपडी असते ती मजुराची. पालिकेच्या रिकाम्या भूखंडावर खेळतात ती आपली पोरे. खाज सुटली की ती मेडिकलच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणते, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा कामावर, पुन्हा खाज. या मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. डॉक्टरांना न विचारता ते महिनोन्महिने चोळले तर कातडी पातळ होते आणि दुखणे आणखी वाढते. 'उष्णता झाली', 'रक्त बिघडले', 'कोणाची नजर लागली' असे म्हणून हा त्रास अंगावर काढू नये. कारण डोळ्यांसमोर दारातच उभे आहे.

शास्त्रज्ञांचे कोडे

चार्ल्स एल्टन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होऊन गेले. प्राणी आणि वनस्पती परक्या मुलखात जाऊन तिथे कसे बस्तान बसवतात, यावर त्यांनी १९५८ साली एक पुस्तक लिहिले. या विषयाचा पाया त्या पुस्तकाने घातला असे मानतात. त्यांचे एक म्हणणे असे की, जिथे अनेक जातींची झाडे-प्राणी एकत्र नांदतात तिथे परक्याला शिरायला जागा मिळत नाही. जिथे जाती थोड्या, तिथे तो सहज शिरतो. समुद्रातल्या बेटांवर हे फार दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्वाम बेटावर मालवाहतुकीतून एक झाडावर चढणारा साप आला. त्याने त्या बेटावरच्या रानातले बहुतेक मूळचे पक्षी संपवले. त्या पक्ष्यांना अशा शत्रूची ओळखच नव्हती.

पण पुढे इतर शास्त्रज्ञांनी मोठमोठे प्रदेश तपासले तेव्हा उलटेच दिसले. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, ज्या मुलखात स्थानिक जाती जास्त, तिथे परक्या जातीही जास्त! मग एल्टन खोटे ठरले काय?

नाही. आपल्या रोजच्या अनुभवातून हे कोडे सुटते. चाळीतली एक खोली घ्या. तिथे दहा माणसे राहत असतील तर अकराव्याला पथारी टाकायलाही जागा नाही. ही झाली लहान जागेची गोष्ट. आता सबंध मुंबई शहर घ्या. तिथे माणसे जास्त, पण म्हणून नवीन माणूस येत नाही काय? उलट तिथेच जास्त येतो, कारण तिथे काम आहे, पाणी आहे, नाना तऱ्हेचे धंदे आहेत. झाडांचेही तसेच. काही मीटरच्या तुकड्यात देशी झाडे दाट असतील तर परक्याला थारा नाही. पण मोठ्या प्रदेशात चांगली माती, पाऊस, डोंगर, नदी असे सगळे असेल तर ते देशी झाडांनाही मानवते आणि परक्यांनाही. दोन्ही गोष्टी आपापल्या ठिकाणी खऱ्या आहेत.

यातून आपल्या उपयोगाची गोष्ट काय? साऱ्या देशाचे काय करायचे ते सरकार आणि शास्त्रज्ञ पाहतील. पण आपल्या दारापुढचा तुकडा, विहाराचे आवार, शाळेचे मैदान या लहान जागा आहेत. त्या उघड्या, उकरलेल्या, मोकळ्या ठेवाल तर गाजरगवत येणारच. त्या दुसऱ्या झाडांनी भरून टाकाल तर त्याला थारा मिळणार नाही.

परके म्हणजे वाईट काय?

इथे एक सावधगिरीची सूचना. 'परके हाकला, देशी राखा' अशी घोषणा ऐकायला सोपी असते. पण आपल्या ताटात पाहा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, पपई हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. मिरचीचा ठेचा परका म्हणून कोणी टाकून देईल काय?

संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने चालणाऱ्या जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय मंचाने २०२३ साली एक मोठा अहवाल दिला. माणसाने आपल्या उद्योगांतून जगभर ३७ हजारांहून अधिक जाती नव्या मुलखांत नेल्या आणि त्या तिथे स्थिरावल्या. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक जाती घातक असल्याचे पुरावे आहेत. म्हणजे साधारण दहातली एक. परंतु ती एक किती महागात पडते पाहा. २०१९ सालचे जगाचे नुकसान ४२,३०० कोटी डॉलरहून अधिक. जगातून नामशेष झाल्याची नोंद असलेल्या जातींपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत, एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने, अशा आक्रमक जातींचा हात आहे.

म्हणूनच मार्क डेव्हिस आणि इतर १८ शास्त्रज्ञांनी २०११ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिले की, कोणत्याही जातीला तिच्या जन्मस्थानावरून दोषी ठरवू नका, ती काय करते ते पाहा. त्यांच्यावर टीकाही झाली. इतर शास्त्रज्ञ म्हणाले, उपद्रव दिसेपर्यंत थांबलो तर वेळ निघून गेलेली असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण जन्मावरून नव्हे तर करणीवरून पारख करावी, हे तत्त्व आपल्या वाचकांना नवे नाही. गाजरगवत परके आहे म्हणून वाईट नव्हे. ते दुसऱ्याला जगू देत नाही म्हणून वाईट.

परक्यावर परका उतारा

गाजरगवतावर जो उपाय लागू पडला तोही परदेशातलाच आहे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोतून एक लहान भुंगेरा आणला. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा, आपण मेक्सिकन भुंगेरा म्हणू. त्याच्या अळ्या आणि भुंगेरे गाजरगवताची पाने खातात. चाचण्या घेऊन १९८४ साली त्याला मोकळे सोडले.

पुढे तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि एकच ओरड झाली. चौकशी झाली, भुंगेरे सोडणे थांबले. मग १९९३ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढले. शेजारच्या गाजरगवताचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि त्या वासाचवीला भुलून भुंगेरा ते पान कुरतडत होता. पुढील तपासात तो पिकांना धोकादायक नसल्याचे ठरले. आज जबलपूरचे संचालनालय हे भुंगेरे पुरवते आणि दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. मात्र भुंगेरा काम करतो तो मुख्यतः पावसाळ्यात. थंडीत आणि उन्हाळ्यात तो जमिनीत झोपून राहतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर बसता येत नाही.

रानातल्या माणसाला विचारले असते तर

गाजरगवताचे मोठे भाऊबंद रानात आहेत. त्यांतली घाणेरी, काही जण तिला टणटणी म्हणतात, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली. रंगीत फुलांची ही शोभा बागेचे कुंपण ओलांडून रानात गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातील वाघांच्या वावराच्या प्रदेशापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागाला तिने विळखा घातला आहे.

कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. ते वर्षातून ठरावीक काळी रानातला पाचोळा हलक्या आगीने जाळत. १९७४ साली तिथे अभयारण्य झाले आणि ही चाल बंद करण्यात आली. त्यानंतर घाणेरी माजली, असे सोलिगा वडीलधारी मंडळी सांगत राहिली. कोणी ऐकले नाही. पुढे बंगळूरच्या 'अत्री' या संस्थेच्या संशोधकांनी वर्षानुवर्षांच्या मोजणीतून पाहिले, तर घाणेरी खरोखरच झपाट्याने वाढलेली दिसली आणि सोलिगांच्या म्हणण्याची त्यांना गंभीर दखल घ्यावी लागली. आज तिथल्या काही आदिवासी कुटुंबांना घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या-टेबले करून रोजगारही मिळतो. अडाणी समजून ज्याला रानातून बाजूला सारले, त्याच्याजवळच ज्ञान होते. हा धडा केवळ रानापुरता नाही.

आणि नद्या? पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, पंचगंगा यांच्या पात्रांत जी जलपर्णी दिसते ती दक्षिण अमेरिकेतली. पण तिला पोसते ते आपल्या शहरांचे सांडपाणी. यंत्राने कितीही काढली तरी मैला नदीत सोडणे थांबल्याशिवाय ती हटणार नाही. पाहुण्याला रोज पंचपक्वान्ने वाढायची आणि जात नाही म्हणून बोंब मारायची, असा हा प्रकार आहे.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, नुसती माहिती घेऊन पेपर घडी करून ठेवू नका. पुढील गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

१) गाजरगवत फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. फुले आल्यावर उपटणे म्हणजे बी पेरणे. वरून कापले तर ते पुन्हा फुटते.

२) उघड्या हातांनी उपटू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. पूर्ण बाह्यांचे कपडे, नाका-तोंडाला रुमाल. काम संपताच साबणाने अंग धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. ज्यांना दमा किंवा आधीच खाज आहे त्यांनी आणि लहान मुलांनी या कामात पडू नये.

३) फुले न आलेले गवत खड्ड्यात शेण आणि मातीच्या थरांत कुजवले तर चांगले खत होते. पेटवून देऊ नये. जमिनीतले बी त्याने संपत नाही आणि धूर वस्तीत येतो.

४) मोकळ्या झालेल्या जागेवर लगेच दुसरे काही लावावे. आपला पावसाळ्यातला टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, गाजरगवताला मागे रेटतो. त्याचे बी गोळा करून पावसाआधी फेकावे. कोवळ्या पाल्याची भाजीही मिळेल.

५) फुलांच्या गुच्छात भर म्हणून काही ठिकाणी गाजरगवताची पांढरी फुले घालतात. सभा-समारंभात असा गुच्छ दिसला तर घेऊ नये आणि का घेत नाही ते सांगावे.

६) पालिका, ग्रामपंचायत किंवा ठेकेदार हे काम आपल्या माणसांकडून करून घेत असेल तर हातमोजे, बूट, धुण्याचा साबण आणि त्रास झाल्यास औषधोपचार यांची मागणी लेखी करावी. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याजवळ ठेवावी. कातडी गेल्यावर मिळालेली मजुरी ही मजुरी नव्हे.

दोन रविवार सकाळी वस्तीतल्या वीस घरांनी तास-दोन तास दिले तरी एका आवाराचे काम होते. पुढच्या वर्षी जमिनीतले जुने बी पुन्हा उगवेल, तेव्हा निराश न होता पुन्हा उपटावे. तीन-चार वर्षे नेट लावला तर जमिनीतला साठा कमी होत जातो. ज्या झाडाचे बी दर पावसाळ्यात नव्याने उगवते, त्याच्याशी लढणाऱ्यानेही दर पावसाळ्यात उठले पाहिजे. यंदाचा पाऊस पडला की पहिल्याच रविवारी सुरुवात करा.